अकरा गावांची यादी आणि सात रात्री

ताई,

मी ५४ वर्षांची, माझी बहीण ६१. दिवाळी आटोपली की नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दोघी जपानला निघालोय. पहिल्यांदाच, आणि टूरबरोबर नाही. विमानाची तिकिटं झाली, टोकियोला उतरायचं आणि तिथूनच परत. हातात सात रात्री आहेत. आम्हाला उंच इमारतींचं कौतुक नाही. जुनी लाकडी घरं असलेली गावं बघायची आहेत, आगगाडीनं फिरायचं आहे. यादी केली तर अकरा नावं झाली: क्योतो, नारा, हिरोशिमा, कुराशिकी, हाकोने, निक्को, मागोमे, त्सुमागो, ताकायामा, शिराकावा-गो, कानाझावा. भाचा म्हणतो, रेल्वे पास घ्या आणि हिंडा. दीर म्हणतात, भाषा येत नाही, दोघीच बायका, कशाला नसते उद्योग. बहीण पक्की शाकाहारी, अंडंही खात नाही, शिवाय तिचा उजवा गुडघा दुखतो. झेपेल का आम्हाला? यातलं काय ठेवू, काय काढू?

– धाकटी, कोथरूड

प्रिय धाकटी,

दिरांचा प्रश्न आधी निकालात काढते. झेपेल. स्टेशनांची नावं रोमन लिपीतही लिहिलेली असतात, फलाटावर डबा कुठे थांबणार त्याची खूण जमिनीवर रंगवलेली असते, आणि १०:४८ ची गाडी १०:४८ लाच सुटते. स्वारगेटवर रात्री साडेदहाला बस शोधणाऱ्या बाईला जपानी स्टेशन अवघड जाणार नाही. अवघड आहे ती तुमची यादी.

अकरा गावं आणि सात रात्री. म्हणजे रोज सकाळी बॅग भरायची, दुपारी एका गावात फोटो काढायचे, संध्याकाळी दुसऱ्या गावात बॅग उघडायची. अशानं गाव दिसत नाही, गावाची गर्दी दिसते. ही जुनी गावं दिवसा अकरा ते चार सहलीच्या बसगाड्यांची असतात. चार-साडेचारला दुकानांच्या फळ्या लागतात, शेवटच्या बस निघून जातात, आणि मग गाव स्वतःचं होतं. ते बघायचं तर तिथे मुक्काम हवा. म्हणून गावं मोजू नका, रात्री मोजा. सात रात्रींत मी तुम्हाला तीनच गावं देणार आहे. चौथं वाटेत येईल.

आता कात्री. हिरोशिमा आणि कुराशिकी पश्चिमेला फार दूर आहेत, ती गेली. हाकोने गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण, निक्को देवळांचं. दोन्ही छान, पण तुम्हाला हवी ती गावं ही नव्हेत. नारा गेलं. आणि हो, क्योतोही गेलं. रागावू नका. क्योतोला चार दिवस लागतात, आणि नोव्हेंबरात पानं लाल झाली की तिथल्या सिटी बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते. दीड दिवसात क्योतो उरकून ‘बघितलं’ म्हणण्यापेक्षा पुढच्या खेपेला ठेवा. पुढची खेप होते, माझ्यावर विश्वास ठेवा.

उरलं काय? टोकियोहून निघून टोकियोलाच येणारं एक वर्तुळ, ज्यात आलेल्या वाटेनं परत जावं लागत नाही. पहिली रात्र टोकियो, दुसरी त्सुमागो, तिसरी-चौथी ताकायामा, पाचवी-सहावी कानाझावा, सातवी पुन्हा टोकियो. ताकायामाहून कानाझावाला जाताना शिराकावा-गो वाटेतच लागतं.

त्सुमागोबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुम्हाला जे बघायचंय ते सगळ्यात दाट तिथे आहे. टोकियो म्हणजे पूर्वीचं एदो. तिथून क्योतोला डोंगरातून जाणारा नाकासेन्दो नावाचा रस्ता होता. त्यावर ६९ मुक्कामाची ठाणी होती. सरदार, व्यापारी, यात्रेकरू पायी जायचे, रात्री ठाण्यावर उतरायचे. मागोमे आणि त्सुमागो ही त्यातली शेजारशेजारची दोन, किसो नदीच्या खोऱ्यातली. पुढे रेल्वे दुसऱ्या बाजूनं गेली आणि ही गावं ओस पडत गेली. १९६८ मध्ये त्सुमागोच्या लोकांनी पडकी घरं दुरुस्त करायला घेतली आणि १९७१ मध्ये गावानं मिळून ठराव केला: विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. आपल्या पेठांमधले वाडे कसे गेले हे तुम्ही कोथरूडच्या फ्लॅटमधून बघितलेलं आहे, त्यामुळे या तीन ‘नाहीं’चं वजन तुम्हाला सांगायला नको. आजही तिथल्या मुख्य रस्त्यावर विजेच्या तारा दिसत नाहीत आणि दिवसा मोटारींना मज्जाव असतो.

जायचं असं. टोकियोहून सकाळी आठच्या सुमाराची नोझोमी शिंकान्सेन, म्हणजे बुलेट ट्रेन, नागोयाला एक तास चाळीस मिनिटांत. तिथे गाडी बदलून शिनानो एक्सप्रेसनं पन्नासेक मिनिटांवर नाकात्सुगावा. नाकात्सुगावाच्या स्टेशनाबाहेर आधी पाच मिनिटं थांबा आणि मिठाईच्या दुकानात ‘कुरी-किंतोन’ मागा. शरद ऋतूत इथली ही खासियत. चेस्टनट शिजवून, कुटून, साखर घालून ओल्या फडक्यात पिळून त्याचा पुन्हा चेस्टनटच्याच आकाराचा गोळा करतात. वर फडक्याच्या चुण्या तशाच उमटलेल्या असतात. बाकी त्यात काही नाही, बहिणीला बिनधास्त द्या. खव्याच्या पेढ्याची आठवण येईल, पण त्यापेक्षा कोरडा आणि कमी गोड.

नाकात्सुगावाहून बसनं पंचवीस मिनिटांत मागोमे. मागोमेपासून त्सुमागोपर्यंत जुनी वाट आहे, आठ किलोमीटर, आरामात तीन तास. उलट्या दिशेनं जाऊ नका; त्सुमागो खाली आहे, त्या बाजूनं चढ जास्त पडतो. वाटेत ठिकठिकाणी खांबाला पितळी घंटा टांगलेल्या दिसतील. त्या देवाच्या नाहीत, अस्वलांसाठी आहेत. वाजवायच्या, म्हणजे अस्वलाला माणूस येतोय हे कळतं आणि ते बाजूला होतं. प्रत्येक घंटा वाजवा. लाजू नका. आणि पावणेपाचला अंधार पडतो, त्याच्या बऱ्याच आधी खाली पोचा.

गुडघ्याचं काय? मागोमेहून त्सुमागोच्या दिशेनं जाणारी बस मधल्या खिंडीत थांबते. तिथे उतरलात तर चढ संपलेला असतो आणि पाच-साडेपाच किलोमीटरचा उतार उरतो. पण दुखऱ्या गुडघ्याला उतारच जास्त सोसत नाही, हे तुमच्या बहिणीला मी सांगायची गरज नाही. खिंडीच्या थोडं खाली एक जुनं चहाघर आहे, जमिनीतल्या चुलीवर किटली टांगलेली. वाटसरूंना चहा देतात, पैसे मागत नाहीत, पेटीत खुशीनं टाकायचे. तिथवर दोघी चालून या आणि थोरलीला वाटलं तर परत खिंडीत येऊन पुढची बस पकडा. किंवा थोरली सरळ बसनं, धाकटी पायी. रात्री जेवताना दोघींकडे सांगायला वेगवेगळं असेल. फक्त एक करा: बसचं वेळापत्रक आदल्या रात्री कागदावर लिहून घ्या. दिवसात मोजक्याच बस असतात, आणि ऐनवेळी डोंगरात मोबाइलच्या भरवशावर राहू नका.

हे मी अक्कल शिकवत नाही, माझीच फजिती सांगते. पहिल्यांदा गेले तेव्हा नागोयाच्या स्टेशनात विकायला मांडलेले जेवणाचे डबेच डबे बघत बसले, एक गाडी चुकवली आणि त्सुमागोजवळच्या नागिसो स्टेशनावर उतरले तेव्हा शेवटची बस गेलेली. हातात चोवीस किलोची बॅग. रस्ता चढाचा, दिवे नाहीत. अर्ध्या वाटेवर समोरून एक छोटी मोटार आली, ज्या घरात मी उतरणार होते तिथल्या आजी. सहाच्या जेवणाला मी सात वाजले तरी आले नाही म्हणून त्या स्वतःच शोधायला निघाल्या होत्या. घरी गेले तर ताटावर रुमाल घातलेला, बाकीचे पाहुणे जेवून उठलेले. त्या एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, या गावांतल्या घरगुती मुक्कामाच्या जागेला ‘मिन्शुकु’ म्हणतात, जरा मोठी आणि टापटिपीची असेल तर ‘र्‍योकान’. भाड्यात रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरलेलं असतं. पाचच्या आत पोचायचं, सहा-साडेसहाला जेवायला बसायचं. हॉटेलसारखं ‘नऊ वाजता येतो’ चालत नाही, कारण तुमच्यासाठी एक बाई चुलीपाशी उभी असते. दुसरी गोष्ट, मोठी बॅग त्सुमागोला नेऊच नका.

बॅगेचं गणित जपाननं सोडवून ठेवलंय. ‘ताक्क्युबिन’ म्हणतात. टोकियोच्या हॉटेलच्या काउंटरवर बॅग द्यायची, पुढच्या हॉटेलचा पत्ता लिहून द्यायचा, दुसऱ्या दिवशी किंवा फार तर तिसऱ्या दिवशी ती तिथे तुमच्या आधी पोचलेली असते. दोन-तीन हजार येन जातात एका बॅगेला. ते पैसे नाहीत, गुडघ्याचं औषध आहे. तुम्ही टोकियोहून थेट ताकायामाच्या हॉटेलला पाठवा आणि त्सुमागोला एका रात्रीपुरती सॅक पाठीवर घ्या. बॅग स्वतःच न्यायची असेल तर लक्षात ठेवा, टोकियो–नागोया शिंकान्सेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरच्या वर गेली की मागच्या जागेचं खास आरक्षण लागतं, नाहीतर दंड.

त्या एका रात्रीबद्दल थोडं. खोलीत खाट नसते, गवताच्या चटया असतात; जेवून येईपर्यंत कुणीतरी गाद्या घालून गेलेलं असतं. अंगात घालायला सुती युकाता देतात, किमोनोचा साधा भाऊ. डावी बाजू उजवीवर येईल असा गुंडाळायचा. उलटा फक्त मृताला गुंडाळतात. बूट दारात, खोलीत चपलाही नाहीत, आणि संडासासाठी वेगळ्या सपाता असतात त्या तिथल्या तिथेच राहिल्या पाहिजेत. मी एकदा त्याच घालून जेवायला आले होते. पंगतीतले सगळे माझ्या पायांकडे बघत होते आणि मी समजले की माझे मोजे आवडले.

अंघोळ सार्वजनिक असते, बायकांची वेगळी, आणि अंगावर काही घालायचं नसतं. बाहेर स्टुलावर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, मग पाण्यात फक्त शेकायला उतरायचं. पहिली दोन मिनिटं अवघड जातात. लहान मिन्शुकुत एकेका कुटुंबाला आळीपाळीनं न्हाणीघर देतात, त्यामुळे दोघी बहिणी आतून कडी लावून जाऊ शकता. काखेत किंवा पाठीवर टॅटू असेल तर आधी विचारा. तुमच्याकडे नसावा असं धरून चालते.

आणि मग जेवणानंतर बाहेर पडा. सात-साडेसातला त्सुमागोचा रस्ता रिकामा असतो. लाकडी जाळ्यांमागे पिवळा उजेड, ओढ्याचं पाणी दगडी कुंडात पडल्याचा आवाज, आणि धुराचा वास. त्या धुरानंच घरांची तुळई काळी आणि टणक केलेली असते. एवढ्यासाठीच ही रात्र.

दुसऱ्या दिवशी ताकायामा. बहुतेक लोक परत नागोयाला जातात, तुम्ही जाऊ नका. नागिसोहून नाकात्सुगावा, तिथून लोकल गाडीनं ताजिमी, ताजिमीहून ताइता लाइन नावाची छोटी शाखा मिनो-ओताला, आणि तिथे ताकायामाकडे जाणारी हिदा एक्सप्रेस. बदल जास्त आहेत, पण अंतर वाचतं आणि शाळेची पोरं, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका अशी खरी गाडी बघायला मिळते. नागोयाहूनच निघालात तर एक गंमत आहे: हिदा गाडीत सगळ्या खुर्च्या उलट्या दिशेला असतात आणि गाडी पाठीकडे धावते. कुणी खुर्ची फिरवत नाही. वीस मिनिटांनी गिफूला गाडीची दिशाच बदलते आणि सगळे आपोआप सुलट होतात. मिनो-ओताच्या पुढे गाडी हिदा नदीच्या घळीतून जाते, नदी कधी डावीकडे, कधी उजवीकडे; कुठली खिडकी पकडू म्हणून भांडू नका.

या सगळ्याला रेल्वे पास हवा का? नको. भाच्याला सांगा, ती जुनी गोष्ट झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात सात दिवसांचा पास २९,६५० येनवरून एकदम ५०,००० वर गेला. तुमच्या वर्तुळाचा हिशेब असा: टोकियो–नागोया अकरा हजारांच्या आसपास, किसो आणि ताकायामापर्यंतचं मिळून आठ-नऊ हजार, कानाझावा–टोकियो साधारण चौदा हजार. सगळं पस्तीस हजारांच्या आतबाहेर बसतं. ताकायामा–कानाझावा बसला तो पास चालत नाही, आणि नोझोमीत बसायचं तर पासवर वेगळे पैसे मोजावे लागतात. सुटी तिकिटं काढा. एक्सप्रेस गाडीला दोन तिकिटं मिळतात, एक प्रवासाचं आणि एक एक्सप्रेसचं. दोन्ही जपून ठेवा. शिंकान्सेनच्या जागा गाडीच्या एक महिना आधी खुल्या होतात. शहरात सुइकासारखं आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड टेकवून फिरा, पण एका भागात टेकवून लांब दुसऱ्या भागात बाहेर पडता येत नाही, तेव्हा डोंगरातल्या प्रवासाला कागदी तिकीटच. रोख येन जवळ असू द्या, सेव्हन-इलेव्हनच्या एटीएममध्ये आपली कार्डं चालतात. व्हिसाचं काम लवकर उरका. झालं.

ताकायामाला दोन रात्री द्या. सगळे जातात ते सान्माची म्हणजे तीन जुन्या गल्ल्या, सुंदर आहेत, पण सकाळी आठच्या आत जा. दारावर देवदाराच्या पानांचा मोठा गोल चेंडू टांगलेला दिसला की ते साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्याचं घर. नवी साके तयार झाली की हिरवा चेंडू टांगतात, तो जसजसा तपकिरी होतो तसतशी साके मुरते. नोव्हेंबरात बहुतेक तपकिरी दिसतील.

इथली लाकूडकामाची ख्याती उगाच नाही. ताकायामा ज्यात येतं तो हिदा हा डोंगराळ मुलूख, भात थोडं. तेव्हा बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी दरबारानं इथल्यांकडून कराऐवजी सुतार मागवले. ते नाराची आणि क्योतोची देवळं बांधायला जायचे. गावातलं कुसाकाबे यांचं घर १८७९ चं आहे. आत जा, मधल्या दालनात मान वर करा आणि तुळ्या बघा. पुस्तकांतून मला हिदाचे सुतार कळले नव्हते, तिथे मान दुखेपर्यंत उभी राहिले तेव्हा कळले.

सकाळी नदीकाठी मंडई भरते. आज्या डोक्याला रुमाल बांधून सफरचंदं, लोणची घेऊन बसतात. घासाघीस करायची नसते. थंडी जपा, नोव्हेंबरात पहाटे एक-दोन अंशांपर्यंत उतरतं.

यादीत अजून एक गाव हवंच असा हट्ट असेल तर ताकायामाहून पुढे लोकलनं पंधरा-वीस मिनिटांवर हिदा-फुरुकावा आहे. पांढऱ्या भिंतींची कोठारं, पुढे अरुंद पाट आणि त्यात हातभर लांबीचे रंगीत मासे. महिनाअखेरीस थंडीमुळे ते मासे तळ्यात हलवतात, तुम्ही आधी पोचताय. अर्धा दिवस पुरे. माणसं तुरळक.

शिराकावा-गोला रेल्वे नाही. ताकायामाहून बसनं पन्नास मिनिटं, आणि तिथून पुढे कानाझावाला सव्वा तास. दोन्ही बसची जागा आधी राखून ठेवा, मोठी बॅग बसच्या पोटात जाते. तिथल्या गवताच्या उंच उतरत्या छपरांना ‘गाश्शो’ म्हणतात. गाश्शो म्हणजे नमस्कारासाठी जोडलेले हात. साठ अंशांचा उतार, म्हणजे बर्फ साचत नाही. लाकडं खिळ्यांनी नाही, दोरांनी आणि ओल्या फांद्यांनी बांधलेली, वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशीमकिडे पाळायचे. तीस-चाळीस वर्षांनी छपराचं गवत बदलावं लागतं, ते एकट्या घराला झेपत नाही. सगळं गाव येतं, आज तुझं, उद्या माझं. त्याला तिथे ‘युइ’ म्हणतात. आपल्याकडे कोकणात सावड, देशावर इर्जिक म्हणतात ते हेच. १९९५ पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे, त्यामुळे गर्दी प्रचंड. तीन तास पुरतात. लोक तिथे अजून राहतात, तेव्हा दार उघडं दिसलं म्हणून डोकावू नका. आपल्या वाड्याच्या चौकात कुणी न विचारता कॅमेरा घेऊन आलं असतं तर आजीनं काय म्हटलं असतं ते आठवा.

कानाझावा हे शहर आहे, खेडं नाही, पण दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांतून वाचलं, म्हणून सामुराईंच्या गल्ल्या आणि चहाघरांची पेठ जागच्या जागी आहेत. पेठेत सोन्याचा वर्ख लावलेलं आइस्क्रीम विकतात, कारण जपानातला जवळजवळ सगळा वर्ख याच शहरात होतो. खाऊ नका, सोन्याला चव नसते. त्याऐवजी केन्रोकुएन बागेला सकाळ द्या. तुम्ही पुण्याच्या, सिंहगड रोडच्या पु. ल. देशपांडे उद्यानात गेलाच असाल. ती बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बांधली आहे, आणि जपानातल्या नावाजलेल्या तीन बागांत कोराकुएनची सख्खी बहीण म्हणजे ही केन्रोकुएन. तळ्याकाठी एक पाय पाण्यात आणि एक जमिनीवर टेकलेला दगडी दिवा आहे, त्याच्यापाशी फोटोची रांग असते. तुम्ही मात्र वर बघा. १ नोव्हेंबरपासून माळी पाइनच्या झाडांना बर्फाच्या ओझ्यानं फांद्या मोडू नयेत म्हणून दोर बांधायला लागतात. झाडाशेजारी उंच खांब, त्याच्या टोकाला माणूस, आणि तिथून छत्रीच्या काड्यांसारखे एकेका फांदीला सोडलेले दोर. तुम्ही जाल तेव्हा हे काम चालू असेल.

कानाझावाहून टोकियोला शिंकान्सेन थेट, अडीच-तीन तास. शेवटच्या रात्री टोकियोत शहराला कंटाळलात तर इकेबुकुरोहून अर्ध्या तासावर कावागोए आहे, १८९३ च्या आगीनंतर बांधलेल्या जाड मातीच्या भिंतींच्या काळ्या दुकानांचं. नसलात कंटाळला तर झोपा.

आता बहिणीचं जेवण. जपानात मांस टाळणं सोपं आहे, मासा टाळणं नाही, कारण तो दिसत नाही. ‘दाशी’ नावाचं सार असतं, बहुतेक वेळा वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांचं. ते मिसो सुपात असतं, नूडल्सच्या बुडवणीत असतं, साध्या शिजवलेल्या भोपळ्यातही असतं. ‘व्हेज आहे का’ विचारलं तर हो म्हणतील, आणि त्यांच्या मते ते खरंही असेल. म्हणून मिन्शुकु राखून ठेवतानाच लिहा: मांस, मासे, अंडी आणि दाशीही नको. काही जण नम्रपणे नाही म्हणतील. वाईट वाटून घेऊ नका, नकार देणारी बाई प्रामाणिक आहे. दुसरीला लिहा किंवा तिथे जेवणाशिवाय खोली घ्या. थोरलीला हे पाठ करायला सांगा: ‘निकु तो साकाना तो तामागो वा ताबेमासेन. दाशि मो दामे देसु.’ मांस, मासे, अंडी खात नाही, दाशीही चालत नाही. शेवटचा ‘सु’ अर्धाच म्हणायचा.

खायला मिळतं काय? पांढरा भात सगळीकडे, आणि आपल्या आंबेमोहरासारखा चिकट, गोडसर. दुकानातले त्रिकोणी भाताचे गोळे, ओनिगिरी. त्यात उमेबोशी म्हणजे आंबट-खारट लोणच्याचं फळ घातलेला बघून घ्या. किसोत गोहेइ-मोची मिळतं, कुटलेला भात काडीला थापून, अक्रोडाचं वाटण लावून निखाऱ्यावर भाजतात. वाटणात काय ते एकदा विचारा. ताकायामात भाताच्या पिठाचे गोळे सोया सॉस लावून भाजतात, गोड नसतात, मला फार आवडतात. टोफू, भाजलेली रताळी. आणि बॅगेत मेतकूट, दाण्याची चटणी, थेपले असू द्या. गरम भातावर मेतकूट कालवून खाताना मिन्शुकुची मालकीण उत्सुकतेनं बघेल, तिला बशीत थोडं काढून द्या. ताजी फळं, भाज्या, कढीपत्त्याची डहाळी मात्र नेऊ नका, विमानतळावर काढून घेतात.

जागा राखून ठेवायचा क्रम असा ठेवा: आधी त्सुमागोची रात्र, तिथे खोल्या थोड्या आहेत. मग ताकायामा, मग बस, मग गाड्या. ३ आणि २३ नोव्हेंबरला जपानात सुट्टी असते, आणि शनिवारच्या रात्रीही भरतात, तेव्हा त्सुमागोला मधला वार पकडा.

कानाझावाला पाऊस फार. तिथे म्हण आहे, डबा विसरलात तरी चालेल, छत्री विसरू नका. थोरलीच्या बाबतीत डबाही विसरू नका.

– तुमची ताई